खोलीचा ‘मेक अप’ कसा करतात? : एका इंग्रजी फ्रेजल व्हर्बचे अनेक अर्थ

एका लग्नाच्या निमित्ताने माझी आत्या पहिल्यांदाच हॉटेलात उतरली होती. खोलीच्या दाराला आतून, मुठीला अडकवलेले एक पुठ्ठ्याचे कार्ड होते. त्याच्या एका बाजूला लाल अक्षरांत ‘डू नॉट डिस्टर्ब’ आणि दुसऱ्या बाजूला हिरव्या अक्षरांत ‘प्लीज मेक अप माय रूम’ असे छापलेले होते. आत्या जुनी मॅट्रिक असल्याने तिला इंग्रजी अक्षरे लावून वाचता येतात. तिने ते कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि मला विचारले, ‘‘अरे, नवरीचा मेकअप करतात हे मी समजू शकते, पण खोलीचा मेकअप कसा करतात?’’

‘खोली आवरून द्या, एवढाच त्याचा अर्थ आहे, आत्या,’ असे मी तेव्हा सांगून टाकले. पण हे उत्तर अपुरे आहे, हे बोलतानाच माझ्या लक्षात आले होते. अंथरूण-पांघरूण नीट लावणे आणि चेहऱ्याला रंग लावणे या दोन कामांना एकच शब्द का असावा, हा तिचा खरा प्रश्न होता. गेली बरीच वर्षे मी इंग्रजी शिकवत आलो आहे आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले हाच प्रश्न वेगळ्या रूपात घेऊन येतात. त्यांच्या वहीत ‘मेक अप’ या शब्दापुढे ‘समेट करणे, बनवून सांगणे, भरून काढणे, मिळून होणे, ठरवणे, तयार करणे, सजणे’ अशी यादी असते आणि ती पाढ्यासारखी पाठ केलेली असते. परीक्षेत मात्र नेमका चुकीचा अर्थ आठवतो, कारण या सात अर्थांना बांधणारा धागा त्यांना कोणी दाखवलेला नसतो. असा धागा आहे, आणि तो एकदा हाती आला की पाठांतराचे बरेचसे ओझे उतरते, असा माझा अनुभव आहे.

फ्रेजल व्हर्ब म्हणजे काय?

‘मेक’, ‘टेक’, ‘पुट’, ‘लुक’ यांसारखे एखादे साधे क्रियापद आणि त्याच्या मागोमाग येणारे ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘डाउन’ यांसारखे छोटे अव्यय मिळून जेव्हा एक नवाच अर्थ देतात, तेव्हा त्या जोडीला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. कोणी ‘लुक अप’ म्हणत आकाशाकडे बोट दाखवले, तर त्याचा अर्थ ‘वर बघ’ असा सरळ होतो आणि तिथे दोन शब्द आपापले काम वेगवेगळे करतात. मात्र ‘लुक अप द वर्ड’ असे शिक्षक म्हणतात तेव्हा वर बघायचे नसते. शब्दकोश उघडून तो शब्द शोधायचा असतो.

हे कोडे परक्यांनाच पडते असे नाही. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश प्रकाशित केला. क्रियापदाला मागून अव्यय जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परकीयांना सर्वांत जास्त अडचणीची ठरते, असे त्यांनी त्याच्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहून ठेवले आहे. आपण या क्रियापदांची मोठ्या काळजीने नोंद केली असल्यामुळे ही अडचण यापुढे अनिवार राहू नये, अशी आशाही त्यांनी व्यक्त केली होती. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र बरेच अलीकडचे आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवले आणि लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ मध्ये ते आपल्या पुस्तकात वापरले.

आपल्याला ही रीत वाटते तितकी अनोळखी नाही. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना ‘हार’ शब्दाची गंमत आठवत असेल. त्याच्याआधी ‘आ’ आला की आहार, ‘वि’ आला की विहार, ‘प्र’ आला की प्रहार आणि ‘सम्’ आला की संहार होतो. उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे ओढून नेतो, असे सांगणारा श्लोकच विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतला जातो. संस्कृतात हा ओढणारा शब्द धातूच्या पुढ्यात बसतो आणि इंग्रजीत तो क्रियापदाच्या पाठीमागून येतो, एवढाच काय तो फरक धरून चालावे.

‘अप’ म्हणजे केवळ ‘वर’ नव्हे

हंडा नळाखाली ठेवला की पाणी वर चढत जाते आणि काठापर्यंत आले की हंडा भरला असे आपण म्हणतो. वर जाणे आणि पुरे होणे या दोन गोष्टी रोजच्या अनुभवात अशा एकमेकींना चिकटलेल्या आहेत. इंग्रजीतल्या ‘अप’चेही तसेच आहे. ‘ईट’ म्हणजे खाणे आणि ‘ईट अप’ म्हणजे पानातले सगळे संपवणे. ‘यूज’ म्हणजे वापरणे आणि ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे. इथे कोणी कुठे वर जात नाही. काम तडीला जाते.

आई मुलाला ‘खा’ म्हणते आणि थोड्या वेळाने ‘खाऊन टाक बघू’ म्हणते, तेव्हा मराठीत हेच घडत असते. त्या ‘टाक’मध्ये फेकून देण्याचा अर्थ उरलेला नसतो, उरलेला घास संपव, एवढेच त्यात सांगितलेले असते. ‘टाकणे’ हे क्रियापद जसे आपला मूळ अर्थ बाजूला ठेवून पूर्णतेची खूण बनते, तसेच ‘अप’ही बनते.

आता ‘मेक’ आणि ‘अप’ शेजारी ठेवून पाहावेत. ‘मेक’ म्हणजे करणे किंवा घडवणे आणि ‘अप’ म्हणजे पुरेपणी. म्हणून ‘मेक अप’चा गाभा ‘घडवून पुरे करणे’ असा धरता येतो. एखादी गोष्ट दोन प्रकारांनी पुरी होते. सुटे भाग जुळवून अखंड वस्तू उभी करता येते, किंवा वस्तू उभी असून तिच्यात काही कमी असेल तर तेवढी उणीव भरता येते. पुढे येणारे जवळजवळ सगळे अर्थ ‘जुळवणे’ आणि ‘भरणे’ या दोन फांद्यांवर बसलेले दिसतील.

जुळवण्याचे अर्थ : अंथरूण, औषध, छापील पान

हॉटेलच्या कार्डावरचा अर्थ पहिल्या फांदीवरचा आहे. चादर, उशा, अभ्रे, पांघरूण हे सगळे सुटे सामान जागच्या जागी लावले की बिछाना ‘तयार’ होतो. त्या कामाला ‘मेक अप द बेड’ म्हणतात आणि बिछान्यावरून हा शब्द अख्ख्या खोलीला लागू झाला.

याच अर्थाची एक आठवण माझ्या मनात घर करून आहे. लहानपणी आमच्या गावातल्या दवाखान्यात एका लाकडी खिडकीमागे कंपाउंडर बसत. डॉक्टरांची चिठ्ठी आत गेली की ते मोठ्या बरणीतले लालसर मिक्श्चर मापाने बाटलीत ओतत, वरून पाणी घालत, तळव्याने तोंड दाबून बाटली खालीवर हलवत आणि मग कात्रीने दातेरी कापलेली कागदाची पट्टी खळीने बाटलीच्या अंगाला चिकटवत. एक दाता म्हणजे एक डोस. ती पट्टी ओली असताना बोट लावले तर सरकायची, म्हणून बाटली घरी नेईपर्यंत आम्ही मुले ती तळाशी धरत असू. चिठ्ठीवर लिहिलेली वेगवेगळी द्रव्ये एकत्र करून औषध तयार करण्याच्या या कामाला इंग्लंडमध्ये ‘मेक अप अ प्रिस्क्रिप्शन’ म्हणत आले आहेत. ‘कंपाउंडर’ या शब्दाच्या पोटातही तीच कल्पना आहे. तो शब्द ज्या लॅटिन क्रियापदापर्यंत मागे नेता येतो, त्याचा अर्थ ‘एकत्र ठेवणे’ असा आहे. कंपाउंडर म्हणजे औषध ‘मेक अप’ करणारा माणूस, हे कळले तेव्हा मला फार आनंद झाला होता, कारण एका अवघड शब्दाच्या मागे अचानक ओळखीचा चेहरा दिसला होता.

त्याच लॅटिन क्रियापदावरून ‘कंपोझिटर’ आला आणि मराठी छापखान्यांनी त्याला ‘खिळे जुळारी’ असे नेमके नाव दिले. एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, ओळींचा मजकूर उभा करायचा आणि मग तो मजकूर, मथळे, चित्रांचे ठोकळे आणि जाहिराती बसवून अख्खे पान बांधायचे. या शेवटच्या कामाला इंग्रजीत ‘पेज मेक-अप’ आणि मराठी वृत्तपत्रांत ‘पान लावणे’ म्हणतात. शिशाचे खिळे गेले आणि पान संगणकावर लागू लागले, तरी दोन्ही शब्द टिकून आहेत.

सोलापूरकरांना या क्रियापदाचे आणखी एक रूप बातम्यांत भेटते. वस्त्रोद्योगाच्या धोरणांत आणि निर्यातीच्या बातम्यांत ‘मेड-अप्स’ हा शब्द येतो. कापड विणून झाल्यावर ते कापून, शिवून, काठ घालून वापरायला तयार केलेल्या, पण अंगात घालायच्या नसलेल्या वस्तू, म्हणजे चादरी, टॉवेल, अभ्रे, पडदे यांना मिळून हे नाव आहे. त्याचा रंगरंगोटीशी काही संबंध नाही.

भरण्याचे अर्थ : गाडी, बॉयलर, चौथा भिडू

दुसऱ्या फांदीवर उणीव भरण्याचे अर्थ आहेत. उशिरा सुटलेली गाडी पुढच्या टप्प्यात वेग वाढवून वेळेवर पोहोचते, तेव्हा तिने ‘मेक अप टाइम’ केले असे म्हणतात. आपण ‘वेळ भरून काढली’ म्हणतो. पत्त्यांचा डाव मांडला आहे, तीनच भिडू आहेत आणि चौथा येऊन बसला, तर तो संख्या ‘मेक अप’ करतो. सभागृहात कामकाजासाठी किमान सदस्य हजर असावे लागतात. ती किमान संख्या भरण्याला मराठीत ‘गणपूर्ती’ म्हणतात आणि त्यातली ‘पूर्ती’ म्हणजे हाच ‘अप’ होय.

साखर कारखान्यात किंवा औष्णिक वीजकेंद्रात काम करणाऱ्यांना हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बॉयलरमधल्या पाण्याची वाफ होते, ती काम करून थंड होते आणि तिचे पाणी पुन्हा बॉयलरमध्ये येते. हे चक्र पूर्णपणे बंद नसते. थोडी वाफ गळतीने जाते, थोडी प्रक्रियेत खर्च होते आणि साचलेले क्षार बाहेर काढताना थोडे पाणी मुद्दाम सोडून द्यावे लागते. जेवढे पाणी असे कमी होते तेवढे नवे, शुद्ध केलेले पाणी सतत घालत राहावे लागते. त्या पाण्याला ‘मेक-अप वॉटर’ म्हणतात. घटलेल्याची भरपाई करून पातळी पूर्ववत राखायची, हा ‘मेक अप’चा अर्थ त्या काचेच्या पातळीदर्शक नळीत डोळ्यांना दिसतो.

इथे एका बारकाव्याकडे लक्ष द्यावे लागेल, कारण परीक्षेत आणि लिहिताना सर्वाधिक चुका इथे होतात. जी उणीव आहे तीच भरली जात असेल तर नुसते ‘मेक अप’ चालते. शंभर रुपये कमी पडत होते आणि मामांनी तेवढे घातले, हे त्याचे उदाहरण झाले. परंतु झालेल्या तोट्याच्या बदल्यात दुसरेच काही चांगले पदरी पडत असेल तर पुढे ‘फॉर’ येतो. फलंदाजी ढासळली पण क्षेत्ररक्षणाने सावरले, इथे ‘मेड अप फॉर’ हवे, कारण धावा वाढलेल्या नाहीत. ‘जूनमध्ये पावसाने ओढ दिली, पण सप्टेंबरात त्याने सगळी कसर भरून काढली’ असे शेतकरी म्हणतो. ‘कसर भरून काढणे’ हा ‘मेक अप फॉर’चा मला सापडलेला सर्वांत चपखल मराठी प्रतिशब्द आहे. एखाद्याचे मन दुखावल्यावर त्याच्यासाठी काही चांगले करून भरपाई करायची असेल, तर ‘मेक इट अप टू’ म्हणतात आणि ‘टू’पुढे त्या व्यक्तीचा उल्लेख येतो.

‘मिळून’ हा एक शब्द

‘महाराष्ट्राची विधानसभा २८८ सदस्यांची मिळून बनते’ या वाक्यातला ‘मिळून’ इंग्रजीत ‘मेड अप ऑफ’ने सांगतात. ‘मेड ऑफ’ आणि ‘मेड अप ऑफ’ यांतला फरक इथेच उलगडतो. टेबल लाकडाचे असते, म्हणून ते ‘मेड ऑफ’ वुड. समिती मात्र माणसांची ‘मिळून’ होते आणि तीत प्रत्येक माणूस सुटा ओळखता येतो, म्हणून तिथे ‘अप’ येतो. स्त्रिया एखाद्या गावाच्या लोकसंख्येचा निम्मा भाग असतील तर त्या निम्मी लोकसंख्या ‘मेक अप’ करतात, असेही म्हणता येते.

याचे नामरूप बातम्यांत वारंवार येते. ‘जेनेटिक मेक-अप’चे भाषांतर ‘जनुकीय मेकअप’ असे केलेले मी वाचले आहे आणि ते वाचून वाचकाच्या मनात काय उभे राहत असेल, याची काळजी वाटली आहे. तिथे ‘जनुकीय घडण’ म्हणावे. ‘घडण’ हा शब्द इथे बरोबर बसतो, याला मोठा आधारही आहे. भारताच्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत इंग्रजी मजकुरात ज्या ठिकाणी ‘कॉन्स्टिट्यूट’ हे क्रियापद आहे, त्या ठिकाणी मराठी मजकुरात ‘घडविण्याचा’ असा शब्द आहे. ‘कॉन्स्टिट्यूट’ हे ‘मेक अप’च्या याच अर्थाचे भारदस्त रूप आहे, आणि आपण संविधानाला ‘घटना’ व त्याच्या भागांना ‘घटक’ म्हणतो ते ‘घट्’ या जोडण्या-घडवण्याच्या धातूवरून.

भांडण आणि मन

दोन मित्र भांडले, अबोला धरला आणि आठवड्याने पुन्हा एकत्र चहा पिऊ लागले. इंग्रजीत त्यांनी ‘मेक अप’ केले. इथे तुटलेले सांधले गेले आहे. मराठीतल्या ‘समेट’, ‘गट्टी’, ‘मिटवणे’ या शब्दांपेक्षा ‘दिलजमाई’ मला इथे जवळचा वाटतो, कारण पांगलेली मने पुन्हा जमा होणे ही कल्पना त्यात उघड दिसते.

निश्चय करण्याला ‘मेक अप युअर माइंड’ म्हणतात. निर्णय होण्याआधीच्या मनाला आपण ‘द्विधा’ म्हणतो, म्हणजे दोन ठिकाणी फाटलेले. ‘एक मन म्हणते जावे, एक म्हणते नको’ ही अवस्था संपून मन एका जागी येणे म्हणजे ‘मेक अप’. धागा इथेही तोच राहतो.

रचलेली गोष्ट आणि रंगवलेला चेहरा

आतापर्यंतचे अर्थ सालस होते. मग ‘बनवून सांगणे’ हा अर्थ कुठून आला? उशीर झाल्यावर मुलगा ‘सायकल पंक्चर झाली, दुकान बंद होते, मग पाऊस आला’ असे एकेक तुकडे जोडत सबब उभी करतो. सबब जुळवलेली असते, फक्त तिचे तुकडे खरे नसतात. मराठीने अगदी याच वाटेने शब्द घडवले आहेत. ‘रचणे’ हे क्रियापद काव्याला चालते आणि कटालाही चालते. ‘बनणे–बनवणे’ यापासून ‘बनाव’ आणि ‘बनावट’ आले, आणि ‘त्याने मला बनवले’ म्हणजे फसवले, हे कोणाला सांगावे लागत नाही.

तरीही ‘मेड-अप’ म्हणजे खोटे असे समीकरण मांडू नये. आजी नातवाला पुस्तकात नसलेली, मनची गोष्ट सांगते, तेव्हा तीही गोष्ट ‘मेक अप’ करत असते. नवा खेळ, नवे टोपणनाव, नवा नियम हे सगळे ‘मेक अप’ करता येते. त्यात फसवणूक आहे की कल्पकता, हे प्रसंगावरून ठरते.

आता चेहऱ्याकडे येऊ. हा अर्थ एकोणिसाव्या शतकात रंगभूमीवरून आला. नट भूमिकेसाठी ‘तयार’ होतो, म्हणजे टोप, दाढी-मिशा, रंग, सुरकुत्यांच्या रेषा असे सुटे भाग जुळवून एक वेगळाच माणूस उभा करतो. या तयारीला ‘मेक अप’ म्हणू लागले आणि पुढे तयारीच्या साहित्यालाही तेच नाव पडले. चित्रपटांच्या काळात, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, हे नाव रंगपटातून बाजारात गेले आणि सामान्य स्त्रियांच्या प्रसाधनांना लागले. मराठी रंगभूमीने याला ‘रंगभूषा’ हा सुंदर शब्द दिला आहे. तो मागे पडून ‘मेकअप’च सर्वांच्या तोंडी बसला. त्यामुळे या फ्रेजल व्हर्बचा सर्वांत उशिरा आलेल्या अर्थांपैकी एक आपल्याला सर्वांत आधी कळतो आणि बाकीचे अर्थ आपण त्या अर्थाच्या खिडकीतून पाहू लागतो. आत्याची अडचण नेमकी हीच होती.

‘एवढे समानार्थी शब्द असताना हे कशाला?’

विद्यार्थी हा आक्षेप हमखास घेतात आणि तो विचार करण्याजोगा आहे. ‘मेक अप’च्या जवळजवळ प्रत्येक अर्थासाठी एकशब्दी पर्याय आहे. समेटासाठी ‘रिकन्साइल’, भरपाईसाठी ‘कॉम्पेन्सेट’, मिळून होण्यासाठी ‘कॉन्स्टिट्यूट’, रचून सांगण्यासाठी ‘इन्व्हेंट’ किंवा ‘फॅब्रिकेट’, तयार करण्यासाठी ‘प्रिपेअर’, पुरे करण्यासाठी ‘कम्प्लीट’, ठरवण्यासाठी ‘डिसाइड’. मग सामान्य इंग्रजी माणूस ते का वापरत नाही?

याचे उत्तर इतिहासात आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यानंतर दीर्घकाळ राजदरबाराची व न्यायालयाची भाषा फ्रेंच, तर विद्वानांची व चर्चची भाषा लॅटिन राहिली. शेतात आणि स्वयंपाकघरात मात्र इंग्रजीच बोलली जात होती. वर सांगितलेले सगळे भारदस्त शब्द लॅटिन मुळाचे आहेत आणि ‘मेक’ व ‘अप’ हे घरचे आहेत. इंग्रजीच्या सख्ख्या बहिणीकडे पाहिले तर हे अधिक पटते. डच भाषेत ‘ओपमाकेन’ असे क्रियापद आहे, म्हणजे शब्दशः ‘अप’ आणि ‘मेक’. ते बिछाना लावण्यासाठी, चेहरा रंगवण्यासाठी आणि पैसे खर्चून संपवण्यासाठी वापरतात, आणि त्यावरूनच आलेले नाम पानाच्या मांडणीला लावतात.

मराठीतही ‘मदत’ आणि ‘साहाय्य’, ‘बक्षीस’ आणि ‘पारितोषिक’ अशा जोड्या आहेत. शेजाऱ्याला हाक मारताना ‘साहाय्य करा’ कोणी म्हणत नाही. त्याच न्यायाने, भांडलेल्या दोन बहिणींनी ‘रिकन्साइल’ केले असे म्हटले तर तह झाल्यासारखे वाटते.

शिवाय समानार्थी शब्द पूर्णपणे समान कधीच नसतात. ‘फॅब्रिकेट’मध्ये पुरावा बनवल्याचा गंभीर आरोप असतो, म्हणून आजीच्या गोष्टीला तो शब्द लावता येत नाही. ‘कन्कॉक्ट’ हा लॅटिनमधल्या ‘एकत्र शिजवणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे आणि त्यात तिखटमीठ लावून खिचडी शिजवल्याचा वास अजून येतो. ‘कॉम्पेन्सेट’चे मूळ तराजूत दोन बाजू समोरासमोर तोलण्यात आहे, म्हणून तो पैशाच्या भरपाईला जास्त शोभतो. ‘रिकन्साइल’ मित्रांप्रमाणे बँकेच्या खात्यांनाही चालतो, आणि तिथे त्याचा अर्थ ‘ताळमेळ घालणे’ असा होतो.

फ्रेजल व्हर्ब म्हणजे गावठी किंवा अनौपचारिक भाषा, हा समजही बरोबर नाही. कंपनीचे हिशेब अमुक तारखेपर्यंत ‘मेड अप टू’ केलेले आहेत, अशी शब्दयोजना अगदी औपचारिक कागदपत्रांत असते. आपण त्याला ‘३१ मार्चअखेर’ म्हणतो.

‘मग लक्षात कसे ठेवायचे?’

अर्थांची यादी पाठ करण्याऐवजी सोबतीचे शब्द पाहावेत, असे मी मुलांना सांगतो. क्रियापदाच्या शेजारी ‘स्टोरी’ किंवा ‘एक्स्क्यूज’ असेल तर रचणे, ‘टाइम’ किंवा ‘लॉस’ असेल तर भरून काढणे, ‘माइंड’ असेल तर ठरवणे, टक्केवारी किंवा समूह असेल तर मिळून होणे, ‘बेड’ किंवा ‘प्रिस्क्रिप्शन’ असेल तर तयार करणे, आणि पुढे ‘विथ’ येऊन माणसाचे नाव असेल तर बहुधा समेट. माणूस जसा संगतीवरून ओळखावा, तसा हा शब्दही संगतीवरून ओळखावा.

व्याकरणाचा एक नियम मात्र पक्का करावा लागतो. ‘ही मेड अप अ स्टोरी’ आणि ‘ही मेड अ स्टोरी अप’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. पण गोष्टीऐवजी ‘इट’ हे सर्वनाम आले तर ते मध्येच बसते, ‘मेड इट अप’ असेच म्हणावे लागते. ‘मिळून होणे’ या अर्थात मात्र जोडी फोडता येत नाही. उच्चारातही फरक आहे. क्रियापद असेल तर जोर ‘अप’वर पडतो आणि शब्द दोन लिहितात, नाम असेल तर जोर ‘मेक’वर पडतो आणि शब्द एकत्र किंवा जोडरेघेने लिहितात. ‘शी विल मेकअप द लॉस’ असे एकत्र लिहिलेले मुलांच्या वह्यांत फार दिसते.

‘इंग्रजी विनाकारण अवघड आहे’

ही तक्रार ऐकली की मी ‘लागणे’ या क्रियापदाकडे बोट दाखवतो. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, झोप लागते, नोकरी लागते, दिवा लागतो, निकाल लागतो, नाद लागतो, आंबा आंबट लागतो, जायला दोन तास लागतात, मूल बोलायला लागते आणि तो माझा मामा लागतो. मराठी मुलाला यातले काहीही पाठ करावे लागलेले नाही. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसापुढे ही वाक्ये ठेवली की त्याची जी अवस्था होते, तीच आपली ‘मेक अप’पुढे होते. २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि तरीही हा भाग दहावीपर्यंत यादीच्याच रूपात समोर येतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. ‘लागणे’ची तुलना पाचवीतल्या मुलालाही कळते आणि ती कळली की त्याची इंग्रजीविषयीची धास्ती कमी होते, हे मी वर्गात पाहिले आहे.

अर्थात, संदर्भ नसेल तर इंग्रजी माणसालाही थांबावे लागते. ‘दे मेड इट अप’ एवढेच वाक्य कोणी सांगितले, तर ‘त्यांची दिलजमाई झाली’ आणि ‘त्यांनी ते रचून सांगितले’ हे दोन्ही अर्थ निघतात. मोबाइलमधल्या भाषांतराच्या सोयीला असे एकटे वाक्य दिले तर ती दोहोंपैकी एक अर्थ उचलून देते आणि दुसरा होता हे वाचकाला कळतही नाही. त्यामुळे आधीचे आणि पुढचे वाक्य सोबत द्यावे.

काळही अर्थ हलवतो. शेक्सपिअरच्या ‘ॲज यू लाइक इट’ या नाटकात सात न्यायाधीशांनाही न मिटलेल्या एका भांडणाचा उल्लेख आहे. तिथे ‘मिटवणे’ यासाठी ‘टेक अप’ हे क्रियापद आले आहे. आज त्या अर्थी ‘मेक अप’ म्हणतात आणि ‘टेक अप’ म्हणजे एखादे काम किंवा छंद हाती घेणे.

एक अर्थ मात्र मला माझ्या धाग्यात ओवता आलेला नाही. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात कोणी ‘आय ॲम मेड अप’ म्हणाले, तर त्याने चेहरा रंगवलेला नसतो आणि त्याला कोणी रचलेलेही नसते. तो अतिशय खूश झालेला असतो. मुलगी पास झाली, आवडता संघ जिंकला, की तिथली माणसे असे म्हणतात. तिथे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलांनी एवढे ऐकून ठेवावे, म्हणजे समोरच्याच्या आनंदाला ‘अभिनंदन’ असे उत्तर देता येईल.